ज्यांना दुखत नव्हतं

"तुम्हाला भीती नाही वाटली का हो?" नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून लोक मला हे विचारत आले. लग्नाच्या पंगतीत विचारलं, पेन्शनच्या रांगेत विचारलं. परवा दात काढायला गेले, तर डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात चिमटा असताना विचारलं. मी दरवेळी मान हलवून "नाही" म्हणत आले. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच विचारलं, तेव्हा ठरवलं की एकदा खरं लिहून टाकावं. वाटली. घास गिळता येऊ नये अशी वाटली, आणि ती लवकर गेलीही नाही.

मी कुष्ठरोगाच्या दवाखान्यात फिजिओथेरपी टेक्निशियन होते. नागपूरच्या बाहेर एका फाट्यावर उतरून बाभळींमधल्या वाटेनं आत जावं लागे. त्या फाट्यावर गाडी थांबवायला एसटीचा कंडक्टर नाखूश असायचा. "दवाखाना" म्हटलं की आजूबाजूचे प्रवासी आपापली धोतरं, पदर आवरून घ्यायचे. हा साठच्या दशकाचा शेवट. मी मॅट्रिक होऊन एक कोर्स केलेली पाचपावलीतली मुलगी. बाबा कापडगिरणीत. मिळाली ती नोकरी घेतली.

घरी आईची अट होती. आल्याबरोबर मागच्या अंगणात आंघोळ करायची, कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे, मगच उंबरठा ओलांडायचा. विहारात शेजारणींना ती "पोट्टी मोठ्या दवाखान्यात आहे" एवढंच सांगायची. आईचं माहेर नरखेडकडचं. तिच्या मामाला हा रोग झाला तेव्हा घरच्यांनी त्याला संत्र्याच्या बागेत एक झोपडी बांधून दिली होती. लहानपणी आई त्याच्यासाठी भाकर घेऊन जायची, दगडावर ठेवायची आणि पळत सुटायची. एक दिवस आदल्या दिवशीची भाकर दगडावर तशीच दिसली. आईनं हे मला एकदाच सांगितलं, आणि पुढं काय झालं ते सांगितलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, हा रोग म्हणजे झडलेली बोटं. बोटं रोगानं झडत नाहीत. रोग नसांना धरतो आणि कातडीची जाणीव नेतो. मग माणूस उकळत्या चहाचं भांडं नुसत्या हातानं उतरवतो आणि करपल्याचा वास आल्यावर इकडंतिकडं बघतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात एक बागवान दिवसभर चालून आमच्याकडे आला. मी त्याची चप्पल काढायला गेले, तर ती निघेना. तळातून वर आलेला खिळा त्याच्या टाचेत पार रुतला होता. तो माझ्याकडे बघून हसला. "निंगून राहिली नाई का?" म्हणाला. मी जखमा पुष्कळ बघितल्या होत्या, असं हसणं बघितलं नव्हतं. मागच्या नळावर जाऊन मी ओकले.

तुमच्याआमच्या पायाला चालताना एका जागी भार जास्त झाला, तर पाय आपोआप तिरका पडतो. आपण लंगडतो, बसतो, चप्पल झटकतो. यांचा पाय काहीच सांगत नाही. म्हणून ते झपझप चालत राहतात. आत मांस चिरडत जातं आणि एक दिवस वरून फुटतं. आमचं काम होतं तेलानं हातपाय चोळणं, बोटांचे व्यायाम घेणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे माणसाला सावकाश व्हायला शिकवणं. आखूड पाऊल टाकायचं, मध्ये बसायचं, रोज संध्याकाळी तळवा डोळ्यांनी बघायचा आणि कुठं गरम लागतो का ते चाचपायचं. गरम लागलं म्हणजे आत काहीतरी बिघडतं आहे, दुसऱ्या दिवशी पाय खाली टेकायचा नाही. ऐकायला सोपं आहे. तुम्ही एक दिवस करून बघा.

दौलतजी उमरेडचे विणकर. घरचा हातमाग, नऊवारी विणायचे. उंच, काटक माणूस, चाळिशीच्या आतबाहेर. उजव्या हाताची बोटं पंजासारखी आत वळलेली आणि डाव्या पायाच्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी खोल जखम. आले ते असे ताडताड चालत आले, की दारातली माणसं बाजूला झाली. जखम जमिनीवर आपटत होती आणि फरशीवर ठसे उमटत होते.

"दौलतजी, हळू!" मी ओरडले.

"काहून? दुखत तं नाई."

आमच्या विभागाच्या प्रमुख ताराताई सांगलीकडच्या. बोलणं कमी, हात फार हुशार. त्यांनी दौलतजींना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "घाई कसली आहे?"

"मागावर सूत चढवून आलो, बाई. हप्त्याभरात सोडान ना?"

हप्त्याभरात काय होणार होतं? डॉक्टरांनी पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. तेव्हा त्या जखमेवर खरा इलाज तोच होता, पायाला सक्तीची विश्रांती. दौलतजी खाटेवर असे बसायचे जसा जाळीत कोंडलेला पक्षी. एका पायानं हवेतच मागाची पावडी दाबायचे. मी विचारलं, "झोप येते का?" तर म्हणाले, "मागाचा आवाज नाई, तं झोप कशी येईन? अन् आवाज नसला का इचार येते. माह्या पोरीले झालं तं?" त्यांना दोन मुली. बायको सुभद्राबाई त्यांना सोडायला फाट्यापर्यंत आली आणि बसमधून उतरलीच नव्हती.

प्लास्टर निघालं तेव्हा जखम भरलेली होती, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. पाऊल टाकलं की त्यांचं अंग जुन्या वेगानं धावायचं. मी "हळू" म्हणायची, ते दोन पावलं हळू टाकायचे, आणि वऱ्हांड्याच्या टोकाशी पोचेपर्यंत पुन्हा ताडताड. शेवटी मी त्यांना यमुनाआजींच्या मागं लावलं. यमुनाआजी आमच्याकडे वर्षानुवर्षं राहिलेल्या, दोन्ही पाय बधिर, आणि चालायच्या अशा, की कासवानं पुढं जावं.

"आजींच्या पुढं जायचं नाही," मी बजावलं.

"हे तं बाप्पा शिक्षाच झाली!"

"मागं राय गा," आजी वळूनही न बघता म्हणाल्या. "मले कोनी मागून ढकललेलं नाई चालत."

सकाळ-संध्याकाळ ही वरात निघायची. पुढं आजी, मागं दौलतजी दात आवळून, त्यांच्या मागं मी. काही आठवड्यांनी त्यांचे दात सुटले. एकदा अर्ध्या वाटेत ते आपणहून थांबले आणि कठड्यावर बसले. म्हणाले, "पाय काई बोलत नाई. पन गुडघा बोलते. मांडी बोलते. इतके दिवस ऐकलंच नोतं." मग मी त्यांना तिथूनच शिकवायला घेतलं. तळवा मुका असला तरी वरचं अंग जागं असतं. भार कुठं पडतो ते मांडीला, कमरेला कळतं, फक्त त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

नंतर हाताचं ऑपरेशन झालं. मधलं बोट वाकवायला निसर्गानं स्नायूंच्या दोन दोऱ्या दिलेल्या असतात. त्यातली एक सोडवून, तिचे चार पदर करून चारही बोटांच्या मुळाशी जोडायचे, म्हणजे वळलेली बोटं सरळ राहून पंजा पुन्हा मिटू-उघडू लागतो. सर्जनचं काम तासाभराचं. पण जी दोरी जन्मभर एक बोट वाकवत आली, तिला आता नवीन काम आहे हे डोक्याला कोण सांगणार? ते आम्ही. पट्ट्या निघाल्यावर मी त्यांचा हात उशीवर ठेवला आणि म्हटलं, "मधलं बोट वाकवा. नुसतं मनात आणा. जोर लावू नका."

त्यांनी जोर लावला. दंड फुगला, घाम आला, बोटं तशीच.

"डोळे मिटा. श्वास सोडा. आता मनात आणा."

बराच वेळ काही झालं नाही. मग एकदम चारही बोटं एकत्र, सरळ राहून, मुळातून खाली झुकली. दौलतजींनी डोळे उघडले आणि हात झटकन छातीशी ओढला.

"हा हात माहा नाई!" ते ओरडले. "मी एकच बोट म्हटलं होतं. हे कोन हालवून राहिलं?"

त्या दिवशी ते पुन्हा हात पुढं करायला तयार झाले नाहीत. मला आधी गंमत वाटली होती, मग वाटली नाही. आपलं अंग आपल्याला परकं वाटावं यासारखी भीती नाही, हे मला पुढच्याच महिन्यात कळणार होतं.

आंघोळ करताना डाव्या दंडावर, कोपराच्या थोडं वर, रुपयाएवढा फिकट चट्टा दिसला. साबणाचा फेस वाटला. धुतला, तरी तिथंच. उन्हाळ्याचे दिवस होते, अंग पुसताच सगळीकडे पुन्हा घामाचे थेंब, आणि तेवढी जागा कोरडी. मी अंगणातल्या आंघोळीच्या दगडावर बसून राहिले. आतून आई हाका मारत होती.

आम्ही रोग्यांची जाणीव कापसाच्या पिळानं तपासायचो. डोळे मिटायला सांगायचं, हलकेच टेकवायचं आणि लागलं तिथं बोट ठेवायला लावायचं. मी खोलीचं दार लावून स्वतःच्या दंडावर कापूस टेकवला. लागला असं वाटलं. मग नाही लागला असं वाटलं. स्वतःच टेकवायचं आणि स्वतःच ओळखायचं, यात काय कळणार? मग सुरू झालं ते वेड. बसमध्ये नख टोचून बघायचं, स्वयंपाक करताना गरम उलथनं जवळ नेऊन बघायचं, केसातली पिन काढून टोचायची. करंगळीला मुंग्या येतात का? येतात. की मी आणते? हातून वस्तू पडायला लागल्या. आई माझ्यासाठी स्थळं बघत होती. मी एकेक नाकारत गेले आणि आई चिडत गेली. बाबा जेवताना म्हणाले, "तू खाऊन नाई राहिली, पोरी," तर मी ताट सोडून उठले.

पकडलं दौलतजींनी. व्यायाम घेताना मी त्यांची बोटं मोजत होते आणि दुसऱ्या हातानं नकळत कोटाच्या बाहीत पिन टोचत होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मी पाहून राहिलो, दोन हप्ते झाले. मीबी असंच करत होतो, मागावर बसून. सुई टोचून टोचून पाहे. नोको करू. त्या मोठ्या बाईले दाखव."

"काही नाही, खाज आहे."

"माह्याशी खोटं बोलून काय होते?" ते एवढंच म्हणाले, आणि पुन्हा बोटं हलवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ताराताईंसमोर बाही वर केली. त्यांनी दार लावलं, मला डोळे मिटायला सांगितलं. मला आठवतं ते असं: मिटलेल्या डोळ्यांत लाल अंधार, आणि मी वाट बघते आहे. कपाळाला लागलं, मी बोट ठेवलं. मनगटाला लागलं, बोट ठेवलं. मग काहीच नाही. बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. अजून काही नाही. मला वाटलं ताराताई थांबल्या आहेत. मी डोळे उघडले, तर कापूस माझ्या दंडावर होता.

त्यांनी कोपरामागची नस बोटांनी चाचपली, दोन्ही हातांची, पुन्हा डाव्या हाताची. "इथं थोडी जाड आहे," म्हणाल्या. डॉक्टरांनी तेच सांगितलं. रोग सौम्य, एकच चट्टा, दुसऱ्याला लागण्यासारखा नाही. पण नस कोपराजवळची. दुर्लक्ष झालं तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळू शकतं. डीडीएसच्या पांढऱ्या गोळ्या काही वर्षं, आणि सध्या कोपराला आराम.

हे सगळं मी रोज रोग्यांना धीरानं समजावून सांगत असे. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. डोळ्यांपुढं दगडावरची ती कालची भाकर.

हात झोळीत बांधला, मुरगळला म्हणून घरी सांगितलं. पण पिन काही सुटेना. ताराताईंनी एका दुपारी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "चोराची झडती घ्यावी तशी तू अंगाची झडती घेते आहेस. दिवसातून एकदा बघ, संध्याकाळी, नीट बसून. बाकी वेळ तो हात तुझा आहे, तो वापर." आणि मला यमुनाआजींच्या रांगेत पाठवून दिलं. एक हात झोळीत असताना दुसरं कामही नव्हतं.

मग मी दौलतजींच्या मागं नुसती चालत राहिले. सुरुवातीला त्या संथपणानं जीव घुसमटायचा. थांबलं की भीती गाठते, म्हणून तर मी धावत होते. पण चालता चालता टाचेला फरशीचा गारवा कळायला लागला, कोटाची बाही दंडावर कुठं घासते आणि कुठून पुढं कळत नाही ती सीमा कळायला लागली. ती सीमा होती तेवढीच होती, वाढत नव्हती. भीती गेली नाही, पण तिच्यासोबत श्वास घेता यायला लागला. दौलतजी मागं न बघता म्हणायचे, "या बाई, या. आजी काई पळून नाई जात."

दिवाळीच्या तोंडावर त्यांची सुटी ठरली. त्यांचे दोन्ही हातही बधिर, मग रोज संध्याकाळी पाय गरम आहे की थंड ते कोण बघणार? घरातलं माणूस हवं. निरोप गेला आणि सुभद्राबाई आल्या. या खेपेला बसमधून उतरल्या, पण आमच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. पदर नाकावर.

"पाय हाती घ्यायचा," मी दाखवलं, "आणि हाताच्या मागच्या बाजूनं किंवा गालानं बघायचं. असं." मी दौलतजींचा तळवा माझ्या गालाला लावला.

त्या एक पाऊल मागं सरल्या. "मी करतो बाई सारं. सयपाक करतो, कपडे धुतो. पन हे मले नाई होत. दोन वर्सं झाले, मी यायच्या आंगाले हात नाई लावला. पोरी आहेत माह्या." मग जरा रागानं म्हणाल्या, "तुमाले काय! तुमी कोट घालता, घरी जाता. तुमाले थोडी होऊन राहिलं!"

दौलतजी खाली बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, हे मी विसरणार नाही. त्यांना माझं सगळं माहीत होतं, आणि त्यांची सगळी गरज त्या क्षणी त्यावर अडली होती.

उमरेड काही मुंबई नव्हे. माझी मावशी तिथं राहत होती, आणि तिनं आणलेलं एक स्थळ आईच्या मनात फार भरलं होतं. हे सगळं मला त्या दोन श्वासांत आठवलं. मग मी कोटाची बाही कोपराच्या वर सरकवली आणि दंड सुभद्राबाईंपुढं धरला.

"हे तेच आहे," मी म्हटलं. "मी गोळ्या घेते. यांच्याही गोळ्या चालू आहेत, यांच्यापासून आता मुलींना धोका नाही."

त्यांनी चट्ट्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुही माय?"

"तिला ठाऊक नाही."

"लगन?"

"व्हायचंय."

सुभद्राबाई हळूहळू खाली बसल्या. पदर नाकावरून सुटला होता, तो त्यांनी सावरला नाही. नवऱ्याचा पाय त्यांनी उचलला तो जड भांडं उचलावं तसा, अंग चोरून. मांडीवर घेतला. हाताची पाठ लावली, मग वाकून गाल लावला. दौलतजींनी डोळे गच्च मिटून घेतले. त्या पायाला तर काहीच कळत नव्हतं. सुभद्राबाई दुसऱ्या पायाकडे वळल्या, पुन्हा पहिल्याकडे आल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "आंगठ्याखाली हे गरम लागून राहिलं."

मी बघितलं. होतं. जुन्या जखमेच्या जागी, आत. सुटीच्या आनंदात ते अंगणभर फिरले होते, आजींना सोडून. सुटी पुढं ढकलली, पुन्हा खाटेवर. दिवाळी दवाखान्यात झाली. सुभद्राबाई दर आठवड्याला दोन्ही मुलींना घेऊन यायच्या, मुली बाहेर लिंबाखाली खेळायच्या आणि या आत बसून पाय तपासायच्या. शेवटी दौलतजी घरी गेले ते दोन्ही पायांवर. सहा महिन्यांनी तपासणीला यायचे. माग सुटला नाही, पण जिथं दोन लुगडी निघायची तिथं एक निघू लागलं. "आता हात पाहून चालते," ते म्हणायचे. पुढं ऐंशीच्या दशकात नवी औषधं आली, रोग महिन्यांत बरा व्हायला लागला, आणि आमच्या खाटा एकेक रिकाम्या झाल्या. दौलतजींचा पाय शेवटपर्यंत फुटला नाही. माझी बोटं सरळ आहेत. चट्टा गेला, पण त्या जागी अजून घाम येत नाही. एक वाईट वाटतं, त्या बागवानाचं, खिळेवाल्याचं. त्याला सावकाश चालायला शिकवायला माझ्याकडे वेळच उरला नाही, त्याचा पाय आधीच गेला होता.

सुभद्राबाईंनी कुणाला सांगितलं नाही. पण ते मला तेव्हा कसं कळणार? मावशीकडून कुणी आलं की मी दाराआड उभी राहून बोलणं ऐकायची. असे काही महिने काढले. मग एका रविवारी दुपारी आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती, बाबा बाहेर गेले होते, आणि मला वाटलं, आता तिनं दुसऱ्याकडून ऐकायला नको.

"माय, मले काई सांगाचं आहे."

"सांग."

मी बाही वर केली. तिला सांगावं लागलं नाही. त्या जातीचा चट्टा तिनं लहानपणी बघितला होता. सुपातला हात थांबला. ती बघत राहिली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि दारापासून आपण किती लांब आहोत याचा अंदाज घेत होते. आई ओरडली असती तरी चाललं असतं. ती ओरडली नाही. कधी झालं, कसं झालं, त्या स्थळाचं काय, काहीच विचारलं नाही.

"गोळ्या देल्या?" तिनं विचारलं.

"हो. रोज एक."

"जेवनाच्या आंधी का नंतर?"

"नंतर."

तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चुलीकडे वळली. पाठ माझ्याकडे होती. बोलली तेव्हा शब्द रोजचेच होते.

"मंग हात धू वं. भाकर थंडी होऊन राहिली."